सातबारा जिवंत झाला; राबणाऱ्या पिढीचे काय?

शेगावहून उत्तरेकडे सातपुड्याच्या दिशेने निघाले, की संग्रामपूर तालुक्यात वरवट बकाल हे बाजारपेठेचे गाव लागते. बाजार समितीच्या भावपत्रकातही तालुक्याचे नाव 'संग्रामपूर (वरवट बकाल)' असेच छापले जाते. दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याची गोड्या पाण्याची, केळी-संत्र्यांची जमीन आणि मधे कापूस, सोयाबीन, तुरीचा कोरडवाहू मुलूख, अशी या परिसराची रचना आहे. मृगाच्या तोंडावर बियाणे-खतांच्या दुकानांपुढे उभे राहणारे बहुतेक जण तिशी-पस्तिशीतले असतात. पेरणी कधी करायची, कोणते वाण घ्यायचे, फवारणीला मजूर कुठून आणायचे, हे सारे तेच ठरवतात. मात्र सातबाऱ्यावर त्यांचे नाव क्वचितच असते. तिथे वडिलांचे नाव असते, काही घरांत तर केव्हाच वारलेल्या आजोबांचे.

शेतीतली तरुण पिढी कमी होत आहे, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. त्याची कारणे म्हणून पाऊस, बाजारभाव आणि शहराची ओढ पुढे केली जातात. ती खोटी नाहीत. पण जो तरुण गावातच राहिला आहे आणि शेतीच करू इच्छितो, त्याच्यापुढचा पहिला अडथळा याहून साधा आहे. जमीन त्याच्या हाती केव्हा यावी, याचा निर्णय आपल्याकडे धोरणाने होत नाही. तो मृत्यूने होतो.

बुलढाण्यातून निघालेली मोहीम

या प्रश्नाचा एक पदर सोडवण्याचा प्रयत्न बुलढाणा जिल्ह्यातच झाला. मृत खातेदारांची नावे वगळून त्यांच्या वारसांची नोंद करण्याची 'जिवंत सातबारा' मोहीम या जिल्ह्यात १ मार्च २०२५ पासून राबवण्यात आली आणि त्यानंतर लगेच महसूल विभागाने ती साऱ्या राज्यात लागू केली. १ एप्रिल ते १० मे या काळात गावोगावी चावडीवाचन करून मृत खातेदारांच्या याद्या करायच्या, वारसांकडून मृत्यूचा दाखला व इतर कागदपत्रे घ्यायची, वारस ठराव करून फेरफार नोंदवायचा आणि मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करायचा, असे वेळापत्रक आखून देण्यात आले.

मोहीम काढावी लागली, यातच मुद्दा आला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ नुसार, वारसाने किंवा अन्य मार्गाने जमिनीत हक्क मिळाल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे, असा दंडक आहे. (तलाठ्याला आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणतात.) वारसांची चौकशी गाव नमुना सहा-क मध्ये होते. फेरफार नमुना सहा मध्ये चढतो. हितसंबंधितांना नोटीस बजावली जाते आणि हरकत न आल्यास नोंद कायम होते. कागदावर ही वाट सरळ आहे. तरीही पिढ्यान्‌पिढ्या नोंदी होत नाहीत, कारण नोंद करायची म्हणजे सर्व वारसांची नावे सांगायची; आणि सर्व वारसांची नावे सांगायची म्हणजे घरात टाळलेला विषय उघडायचा. त्यापेक्षा थोरल्या भावाचे नाव 'एकुमॅ' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लागते आणि बाकीचे त्या तीन अक्षरांच्या आड राहतात. एक पिढी असे निभावते. दुसऱ्या पिढीत चुलत भावंडांपैकी निम्मी पुण्या-मुंबईला किंवा सुरतेला गेलेली असतात आणि एका सहीसाठी माणूस वर्षभर फिरतो.

नाव नसले तर काय अडते?

शहरातल्या वाचकाला वाटेल, घरची जमीन घरातच आहे, नाव कोणाचे का असेना. व्यवहारात मात्र शेतीशी संबंधित प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न सातबाऱ्याचा असतो. पीक कर्जाला सातबारा आणि आठ-अ लागतो. हमीभावाने कापूस विकायचा तर पीकपेऱ्याची नोंद सातबाऱ्यावर असावी लागते. विहीर, ठिबक, अवजारे यांचे अनुदान खातेदारालाच मिळते. अतिवृष्टीची भरपाई खातेदाराच्या नावाने येते. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. तोही जमिनीच्या अभिलेखाशी जोडलेला आहे. म्हणजे जो राबतो त्याची ओळख 'शेतकरी' अशी होत नाही. ओळख नावाची होते आणि नाव कधी म्हाताऱ्याचे असते, तर कधी मेलेल्याचे.

याची सर्वांत जड किंमत स्त्रियांनी मोजली आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांच्या विशेष पॅकेजसाठी शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेले जे सहा जिल्हे निवडले गेले, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि वर्धा यांच्यासोबत बुलढाणाही होता. अशा घरांत जमीन सासऱ्याच्या नावे, कर्ज नवऱ्याच्या डोक्यावर आणि शेत विधवेच्या अंगावर, अशी विभागणी नवी नव्हती. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीधारकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते. निंदणी, वेचणी, खुरपणीत त्यांचा वाटा किती असतो, हे कोणत्याही वावरात पाहून कळते.

हयातीतच का देत नाहीत?

वडील साठीला आले, मुलगा पंधरा वर्षे शेती करतो आहे, तर जमीन त्याच्या नावे करायला अडचण कोणती? कायद्याची वाट आहे. कलम ८५ खाली सर्व सहहिस्सेदारांच्या संमतीने तहसीलदाराकडून वाटप करून घेता येते. अशा वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. नोंदणी शुल्क मात्र जमिनीच्या मूल्याच्या एक टक्का, कमाल ३० हजार रुपयांपर्यंत पडत असे. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तेही माफ करण्याचा निर्णय घेतला. भावाभावांत जमिनीचा ताबा एकाकडे आणि सातबारा दुसऱ्याच्या नावे, अशी अदलाबदल झालेली असेल, तर २०२३ च्या 'सलोखा' योजनेत एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी शुल्कात ती दुरुस्त करता येते. अट एवढीच, की असा ताबा किमान बारा वर्षांचा असावा.

तरीही म्हातारा सही करत नाही. त्याला हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. नोकरदाराला निवृत्तिवेतन असते, भविष्यनिर्वाह निधी असतो. शेतकऱ्याला म्हातारपणी एकच आधार असतो, तो म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव. ते नाव आहे तोवर सून ताट वेळेवर वाढते, असे गावात उघड बोलले जाते. २०१९ मध्ये केंद्राने अल्पभूधारकांसाठी मानधन योजना आणली. तीत साठीनंतर महिन्याला तीन हजार रुपये मिळणार आहेत. परंतु प्रवेशाचे वय १८ ते ४० आहे. आज जो सत्तरीला आहे, ज्याच्या सहीवाचून मुलाचे अडले आहे, त्याला या योजनेत जागाच नाही. श्रावणबाळ योजना निराधारांसाठी आहे. जमीनधारकाला ती सहसा लागू होत नाही.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा येथे काहीसा दिलासा देतो. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करण्याची तरतूद त्याच्या कलम २३ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरणात हे कलम ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचले. पण अट दस्तात लिहून ठेवावी लागते, हे गावात किती जणांना ठाऊक असते? आणि ठाऊक असले, तरी पोटच्या मुलाविरुद्ध प्रांत अधिकाऱ्यापुढे अर्ज करणारा बाप विरळाच.

यात सरकारी नियमांनी भर घातली. पीएम-किसान योजना सुरू झाली तेव्हा पात्रतेसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख ठरवण्यात आली. त्यानंतर जमीन नावावर झालेल्यांना पाच वर्षे लाभ नाही. अपवाद फक्त खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने आलेल्या जमिनीचा. खोट्या वाटण्या करून पैसे लाटले जाऊ नयेत, हा हेतू समजण्यासारखा आहे. त्याचा अर्थ मात्र असा झाला, की बापाने जिवंतपणी मुलाला जमीन दिली तर मुलगा अपात्र आणि बाप वारल्यावर मिळाली तर पात्र.

वाटणीचे गणित

दुसरी अडचण आकाराची आहे. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते आणि खाती सुमारे ५० लाख. २०१५-१६ मध्ये खाती सुमारे १ कोटी ५३ लाख झाली आणि सरासरी १.३४ हेक्टरवर आली. समजा, एका आजोबांची बारा एकर जमीन होती. तीन मुलांत ती चार-चार एकर झाली आणि नातवांच्या वाट्याला दोन-दोन एकर आले. वाटणी पण अशी सरळ होत नाही. वरवट बकालच्या आसपासच्या पट्ट्यात एका शेताचे पाणी गोडे, तर दुसऱ्याचे खारे. त्यामुळे प्रत्येक भावाला प्रत्येक तुकड्यात हिस्सा हवा असतो. एकाचे चार तास, दुसऱ्याचे चार तास अशी विहिरीची पाळी लागते. दोन एकर मग तीन ठिकाणी विखुरतात. प्रत्येक वाटणीत नवा धुरा पडतो आणि प्रत्येक धुऱ्यात थोडे रान जाते. आतल्या हिस्सेदाराला बैलगाडी न्यायला वाट उरत नाही. मग कलम १४३ खाली वाटेसाठी तहसीलदाराकडे अर्ज होतो आणि सख्ख्या भावांत तारखा सुरू होतात.

तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. त्याने तुकडे थांबले नाहीत. ते कागदावरून अदृश्य झाले, एवढेच. शेतात तीन वाटण्या असतात आणि सातबारा सामाईक राहतो. २०२३ मध्ये शासनाने राज्यातील बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केले. त्यामुळे अडलेले व्यवहार मोकळे होतील, हे खरे. पण अर्ध्या एकराच्या कोरडवाहू तुकड्यावर संसार चालत नाही, हेही तेवढेच खरे. कायद्याने वास्तव मान्य केले. मात्र त्या वास्तवातून बाहेर पडण्याची वाट काढली नाही.

लेकीचा हिस्सा

या गणितात मुलींना अनेकदा मोजलेच जात नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच, केंद्राच्या अकरा वर्षे आधी, हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायकाचा हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने तो सर्व मुलींना मिळाला. हा हक्क जन्माने येतो; दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले.

गावातली रीत निराळी आहे. वारस नोंदीच्या वेळी बहिणींची नावे लागतात आणि पाठोपाठ हक्कसोडपत्र होते. साडीचोळी होते, माहेरचा उंबरा खुला राहील असा शब्द दिला जातो. बहीण सही करते, कारण न केल्यास माहेर तुटण्याची भीती असते. पुष्कळदा भावाकडे तिला देण्याइतके पैसेही नसतात. तेव्हा एकाचे शेत टिकते ते दुसऱ्याच्या हक्कावर पाणी सोडून. शेती एकसंध ठेवण्याची ही आपली अलिखित पद्धत आहे आणि तिचा भार फक्त मुलींवर पडतो.

वस्तुतः कायद्यात याहून न्याय्य मार्ग आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ नुसार, मृत्युपत्राविना आलेल्या मिळकतीत एखाद्या सहवारसाला आपला हिस्सा विकायचा असेल, तर इतर सहवारसांना तो विकत घेण्याचा अग्रहक्क असतो आणि किमतीवर एकमत न झाल्यास न्यायालय ती ठरवते. हे कलम शेतजमिनीलाही लागू आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये बाबूराम प्रकरणात दिला. शेती करणाऱ्या भावाने, किंवा शेती करणाऱ्या बहिणीने, इतरांना रास्त मोबदला देऊन जमीन एकत्र ठेवावी, याचा पाया येथे तयार आहे. उणीव आहे ती पैशाची.

ज्यांना वारसाच नाही

बापाकडे जमीनच नाही, अशा शेतमजुराच्या मुलाचे काय? कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानावर असून, एकरी जिरायतीला पाच लाख आणि बागायतीला आठ लाख ही कमाल किंमत आहे. त्या भावात जमीन विकणारा सापडणे कठीण असते.

उरतो तो ठोक्याचा किंवा बटईचा मार्ग. गावोगावी तो चालतो, पण तोंडी. १९५८ च्या विदर्भ कुळकायद्याने कसणाऱ्याला मालक केले, ही मोठी कामगिरी होती. तिची सावली अशी, की आज शहरात राहणारा मालक 'कूळ लागेल' या धास्तीने कागद करत नाही आणि दरवर्षी कसणारा बदलतो. कसणारा मग जमिनीत शेणखत टाकत नाही, बांधबंदिस्ती करत नाही. त्याला पीक कर्ज मिळत नाही आणि भरपाई मालकाच्या खात्यात जाते. नीती आयोगाने २०१६ मध्ये आदर्श भाडेपट्टा कायद्याचा मसुदा राज्यांना दिला. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये अकरा महिन्यांच्या कराराद्वारे पिकावरचा हक्क कसणाऱ्याला आणि जमिनीवरचा मालकाला, अशी फोड करणारा कायदा केला.

जगाच्या पाठीवर

शेतीचे वय वाढण्याचा प्रश्न एकट्या वऱ्हाडाचा नाही. युरोपीय संघात २०२० मध्ये चाळिशीच्या आतले शेतीप्रमुख सुमारे १२ टक्केच होते. तिथे २०२३ ते २०२७ या काळात थेट अनुदानाच्या किमान तीन टक्क्यांइतकी रक्कम तरुण शेतकऱ्यांसाठी राखण्याचे बंधन सदस्य देशांवर घालण्यात आले. फ्रान्सने १९६० मध्ये विक्रीला निघालेली शेतजमीन अग्रहक्काने घेऊन नव्या शेतकऱ्यांकडे वळवणाऱ्या संस्था उभारल्या आणि दोनच वर्षांनी, जमीन सोडणाऱ्या वृद्ध शेतकऱ्याला तहहयात वेतन सुरू केले. जपानने २०१४ मध्ये पडीक व विखुरलेली शेते भाड्याने घेऊन कसणाऱ्यांना देणाऱ्या जमीन बँका काढल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून वारस नोंद तीन वर्षांत करणे सक्तीचे केले. म्हणजे 'जिवंत सातबारा'ची गरज तोक्योलाही भासली.

या देशांची परिस्थिती आपल्याहून निराळी आहे. तिथे जमीन मोठी आणि माणसे थोडी, इथे उलट. नक्कल करून भागणार नाही. पण एक गोष्ट त्यांनी ओळखली: जमीन पुढच्या पिढीकडे जावी असे वाटत असेल, तर मागच्या पिढीच्या म्हातारपणाची सोय आधी करावी लागते.

मोहिमेपुढचे पाऊल

राबणाऱ्याची नोंद असावी, हे तत्त्व आपल्याला अपरिचित नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत खातेदाराबरोबर कुटुंबातील खातेदार नसलेल्या एका सदस्यालाही संरक्षण आहे. अपघातात जो शेतकरी ठरतो, तो कर्जाच्या आणि अनुदानाच्या खिडकीवर शेतकरी का ठरू नये? सहकसणारा म्हणून मुलाची, सुनेची, पत्नीची नोंद, मालकीला धक्का न लावता घेता येईल. हयातीत झालेल्या खऱ्या वाटणीला मृत्यूनंतरच्या वारसाइतकेच मोल देता येईल. बहिणीचा हिस्सा रास्त भावाने घेण्यासाठी दीर्घ मुदतीचे, कमी व्याजाचे कर्ज देता येईल. निर्वाहाची अट वाटणीपत्राच्या छापील नमुन्यातच घालता येईल. आणि साठीनंतर जमीन हातावेगळी करणाऱ्याला महिन्याकाठी काही निश्चित रक्कम मिळाली, तर सहीला हात लवकर पुढे येईल.

मोहिमेने मेलेल्यांची नावे उतरवली, हे गरजेचेच होते. तिने दाखवून दिले, की प्रशासनाने मनावर घेतले तर पिढ्यांची अडलेली नोंद सहा आठवड्यांतही हलू शकते. पुढच्या मृगाला वरवट बकालच्या दुकानापुढे जो तरुण उभा राहील, त्याचा बाप मात्र जिवंत आहे आणि तो पुष्कळ वर्षे जगावा, हीच मुलाचीही इच्छा आहे. त्या दोघांना एकमेकांच्या मरणाची वाट न पाहता जमीन देता-घेता यावी, एवढीच सोय अजून व्हायची आहे.